दार पावसाळ्यात का अडते?



जुलै महिन्यात घरातले एखादे दार खांद्याने रेटावे लागते आणि जानेवारीत तेच दार एका बोटाने उघडते, हा अनुभव तुम्हांपैकी पुष्कळांना असेल. ‘लाकूड फुगले’ असे म्हणून आपण तो विषय सोडून देतो. मीही तेच करीत होतो.

आमच्या नव्या घराची आतली दारे मार्च महिन्यात बसली. दार आणि चौकट यांच्यामध्ये कागद जेमतेम शिरेल एवढीच फट होती. त्या सफाईचे मला मोठे कौतुक वाटले. जुलैतील एका सकाळी आईच्या खोलीचे दार उघडेना. आतून ओढायला सत्तरी ओलांडलेली आई, बाहेरून रेटायला आम्ही दोघे. पण जोर लावण्याची भीती वाटत होती, कारण दार आत उघडणारे आणि आई त्याच्यामागेच उभी! शेवटी तिला खाटेवर जाऊन बसायला सांगितले आणि मगच खांदा लावला. रोज पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या मला दारांची ऑर्डर देताना दोन साधे प्रश्न सुचले नव्हते. हे लाकूड किती फुगेल? आणि कोणत्या दिशेने?

दुसरा प्रश्न आधी घेऊ. लाकूड म्हणजे झाडाच्या उंचीच्या दिशेने मांडलेल्या सूक्ष्म तंतूंची जुडी. उदबत्त्यांची एक जुडी हातात घ्या आणि प्रत्येक दोन काड्यांच्या मध्ये कागदाची पट्टी सरकवा. जुडी जाड होईल, पण तिची लांबी वाढणार नाही. लाकडात नेमके हेच घडते. हवेतील बाष्पाचे रेणू तंतूंच्या मध्ये शिरतात आणि तंतूंना एकमेकांपासून दूर सारतात. म्हणून लाकूड रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही.

आता किती ते पाहू. अगदी कोरडे सागाचे लाकूड पाण्याने तृप्त झाले, म्हणजे त्यात कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शिरले, की वर्षवलयांच्या दिशेने ते सुमारे ६ टक्के फुगते. वलयांना आडव्या दिशेने याच्या निम्मे, तर लांबीत फार तर ०·२ टक्के. म्हणजे पाण्याचे प्रमाण १ टक्क्याने वाढले की रुंदी जास्तीत जास्त ०·२ टक्क्याने वाढते. हवेची सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असताना लाकडात ७ ते ८ टक्के पाणी असते. आर्द्रता ८० टक्के झाली की ते १५ ते १६ टक्क्यांवर जाते. उन्हाळा आणि पावसाळा यांतील हा फरक झाला ८ टक्क्यांचा.

समजा, ९० सेंटिमीटर रुंदीचे दार नुसत्या उभ्या फळ्या जोडून केले आहे. त्याची वाढ ०·२ × ८ = १·६ टक्के, म्हणजे १४ मिलिमीटरांहून थोडी जास्त! एवढी फट कोण ठेवील?

जुन्या सुतारांनी यावर एक सुरेख तोड काढली आहे. पॅनेलचे दार नीट पाहा. कडेला दोन उभ्या पट्ट्या, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, आणि मधल्या चौकोनांत पातळ फळ्या. या फळ्या खिळ्यांनी वा सरसाने पक्क्या केलेल्या नसतात. पट्ट्यांच्या खाचेत त्या सैल बसवलेल्या असतात. त्या फुगल्या तर खाचेतल्या खाचेत सरकतात, दार वाढत नाही. आडव्या पट्ट्यांचे तंतू दाराच्या रुंदीच्या दिशेने असतात, म्हणून त्याही वाढत नाहीत. उरल्या दोन उभ्या पट्ट्या, प्रत्येकी १० सेंटिमीटरांच्या. त्यांची मिळून वाढ सुमारे ३ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना अडीच अडीच मिलिमीटर फट ठेवली की काम भागले. आमच्या दाराला नेमकी तेवढीच जागा हवी होती आणि तीच नव्हती.

फ्लश डोअरमध्ये युक्ती वेगळी. त्याच्या दर्शनी बाजूस लाकडाचे पातळ थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असतात. एका थराचे तंतू दुसऱ्याला फुगू देत नाहीत.

तर मग तुमच्या घरी दारांची ऑर्डर द्यायची वेळ आली, तर काय सांगाल? पहिली गोष्ट, घाई नको. गिलाव्यावर कित्येक दिवस पाणी मारलेले असते. ते पाणी हळूहळू खोलीच्या हवेत येते आणि तेथून नव्या दारात शिरते. गिलावा वाळल्यावर आणि फरशी बसल्यावर मापे घ्यावीत. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजावी आणि सर्वांत लहान माप धरावे. चौकटीचे दोन्ही कर्णही मोजावेत. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्णही सारखे भरले, तरच चौकट काटकोनात आहे.

दुसरी गोष्ट, दार कोणत्या महिन्यात बसणार ते विचारावे. उन्हाळ्यात बसणार असेल तर फुगण्यासाठी फट हवीच. उलट, भर पावसात अडलेले दार रंध्याने फार तासू नये. आमचे दार जुलैत तासले, तर जानेवारीत फटीतून पलीकडचा दिवा दिसू लागला.

तिसरी गोष्ट, रंग दाराच्या सहाही बाजूंना हवा. वरची आणि खालची कड दिसत नाही म्हणून ती बहुधा कोरीच राहते. उभ्या पट्ट्यांच्या तंतूंची तोंडे तेथेच उघडी असतात आणि ओल तेथूनच सर्वांत लवकर शिरते.

मात्र अडणाऱ्या प्रत्येक दाराचा दोष पावसावर ढकलू नका. २० किलोग्रॅम वजनाच्या दाराचा गुरुत्वमध्य बिजागऱ्यांपासून ४५ सेंटिमीटरांवर असतो. वरची आणि खालची बिजागरी यांत १६० सेंटिमीटर अंतर असेल, तर वरच्या बिजागरीवर २० × ४५ ÷ १६०, म्हणजे सुमारे ५·६ किलोग्रॅम-भार इतकी आडवी ओढ सतत असते. तिचे स्क्रू सैल झाले की दार कलते आणि कडीकडचा खालचा कोपरा फरशीला घासतो. कड बऱ्याच लांबीपर्यंत घट्ट झाली असेल तर ओल, आणि कोपरा घासत असेल तर बिजागरी, असा तर्क बहुधा बरोबर ठरतो.

हे सारे तुम्हाला घरीच पडताळून पाहता येईल. पत्त्यांच्या कॅटाची जाडी मोजून तिला पत्त्यांच्या संख्येने भागा. एका पत्त्याची जाडी मिळेल. दर महिन्याच्या एक तारखेला दाराच्या फटीत, ठरावीक खुणेपाशी, किती पत्ते मावतात ते वहीत लिहा. मे ते जानेवारी या महिन्यांचा आलेख काढला की तुमचे दार किती फुगले आणि केव्हा आक्रसले ते दिसेल. घरात आजीआजोबांची खोली असेल, तर सुरुवात त्यांच्या दारापासून करा.