मेराल्जिया पॅरेस्थेटिका : मांडीतील अपरिचित संवेदनांचे स्वरूप

मांडीच्या बाह्य भागातील त्वचेची संवेदना मेंदूकडे नेणारा मज्जातंतू केवळ संवेदनवाही आहे. स्नायूंच्या हालचालींशी त्याचा संबंध नाही. कंबरेच्या दुसऱ्या व तिसऱ्या मज्जामुळांपासून उगम पावून तो कमरेच्या हाडाच्या पुढील टोकाजवळ, जांघेतील अस्थिबंधाखालून मांडीत उतरतो. या अरुंद मार्गात तो दाबला गेल्यास उद्भवणारी व्याधी म्हणजे मेराल्जिया पॅरेस्थेटिका होय. १८७८ साली मार्टिन बर्नहार्ट या जर्मन वैद्यकाने तिचे वर्णन केले. १८९५ साली रशियन तज्ज्ञ व्लादिमीर रोथ यांनी मांडी व वेदना या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून तिला हे नाव दिले. त्याच वर्षी सिग्मंड फ्रॉइड यांनी स्वतःला जडलेल्या याच व्याधीवर टिपण प्रसिद्ध केले, ही बाब मानसशास्त्राच्या अभ्यासकांना रोचक वाटावी.

मांडीच्या बाहेरील बाजूस मुंग्या येणे, बधिरता, दाह होणे आणि क्वचित वस्त्राचा स्पर्शही असह्य होणे ही तिची लक्षणे होत. दीर्घकाळ उभे राहिल्याने त्रास वाढतो, बसल्यावर बहुधा ओसरतो. सलग तासिका उभ्याने घेणाऱ्या अध्यापकास हे विशेष जाणवते. स्थूलता, गर्भारपण, मधुमेह, घट्ट पट्टा किंवा परकराची आवळून बांधलेली नाडी ही कारणे संभवतात.

आपल्याकडे कमरेखालील कोणत्याही कळेस सरसकट 'सायटिका' म्हणण्याची प्रथा आहे. त्यामुळे रुग्ण मणक्याच्या शस्त्रक्रियेच्या धास्तीने विनाकारण खचतो. वस्तुतः सायटिकाची कळ सामान्यतः पायाच्या मागील बाजूने गुडघ्याखाली जाते. येथे लक्षणे मांडीपुरतीच सीमित राहतात आणि पायातील शक्ती कमी होत नाही. मात्र पाय लुळा पडू लागल्यास अथवा मूत्रावरील नियंत्रण सुटल्यास कारण अन्य असते व तातडीने तज्ज्ञांकडे जाणे अगत्याचे ठरते.

कमरेवरील दाब दूर करणे व वजन घटविणे एवढ्यानेच बहुसंख्य रुग्णांना काही आठवड्यांत वा महिन्यांत आराम पडतो. त्रास न शमल्यास मज्जातंतूच्या वेदनेवरील औषधे, स्थानिक इंजेक्शन आणि अगदी क्वचित शस्त्रक्रिया यांचा अवलंब केला जातो. तासिकेत अधूनमधून खुर्चीवर बसण्यात संकोच मानू नये. बधिर भागावर गरम पाण्याच्या पिशवीने शेक घेणे मात्र टाळावे. चटका बसल्याचे त्वचेस कळत नाही व भाजण्याचा धोका संभवतो, मधुमेही व्यक्तींना तर अधिकच.