नदीत मासे किती? पाणमांजराला विचारा!

रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर जाणारे बहुतेक जण तिथल्या सलीम अली अभयारण्यात पक्षी पाहायला जातात. पण मांडवीच्या या खारफुटीत आणखी एक रहिवासी आहे : पाणमांजर. जुन्या मराठीत याला ऊद म्हणतात. (झाडावर चढणारे उदमांजर वेगळे, दोघांत गल्लत नको!) भारतात पाणमांजराच्या तीन जाती आढळतात. त्यांपैकी चोडणला दिसणारी जात तुळतुळीत केसांची आणि कुटुंबकबिल्याने राहणारी आहे.

या प्राण्याच्या अंगावर सील किंवा देवमाशासारखा चरबीचा जाड थर नसतो. पाण्यात ऊब टिकवायची ती दाट केसांच्या आणि भरपूर खाण्याच्या जोरावर. त्याला रोज स्वतःच्या वजनाच्या साधारण १५ टक्के तरी अन्न लागते. म्हणजे दहा किलोच्या पाणमांजराला रोज दीड किलो मासळी, आणि पाच जणांच्या कुटुंबाला सात किलोच्या वर!

साहजिकच, नदीत किती पाणमांजरे राहतील हे बरेचसे माशांवर ठरते. हान्स क्रूक या शास्त्रज्ञाने स्कॉटलंडमध्ये याचा अनेक वर्षे अभ्यास केला. शेटलंड बेटांच्या किनाऱ्यावर वसंत ऋतूत मासे सर्वांत कमी असतात. पाणमांजरे सर्वाधिक मरतात तीही त्याच सुमारास, असे त्याला आढळले. शिकाऱ्यापेक्षा रिकामे पोट जास्त घातक ठरले.

गोव्यात ही गोष्ट खाजन शेतीशी जोडलेली आहे. भरतीचे पाणी मानशीतून आत येते आणि त्याबरोबर मासळीही येते. ओहोटीला पाणी परतू लागले की मासळी मानशीच्या तोंडाशी दाटते. तिथे मच्छीमार जाळे लावतो, आणि पाणमांजरालाही ती वेळ ठाऊक असते. मग जाळे फाटते आणि माणूस चिडतो. त्याचा राग खोटा नाही, कारण नवे जाळे फुकट येत नाही. पण खाजने बुजली, पाणी दूषित झाले, रेती उपसून काठ ढासळले, की मासळी दोघांचीही घटते. उरलेल्या थोड्या मासळीवरून भांडण मात्र वाढते. पाणमांजर मारून नदीत मासे वाढत नाहीत. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

पाणमांजरे ठरावीक जागी विष्ठा टाकतात. तिच्यातले खवले, काटे आणि खेकड्यांची कवचे तपासून अभ्यासक त्यांचा आहार ओळखतात. नदीचा हा जणू रोजचा जमाखर्चच!

तुम्हीही एक छोटा अभ्यास करू शकता. पूर्वी मानशीत कोणकोणती मासळी यायची, हे घरातल्या आजी-आजोबांना विचारून लिहून काढा. मग आज त्यांतली कोणती येते, हे मासे विकणाऱ्या मावशींना विचारा. दोन याद्यांतला फरक जितका मोठा, तितके पाणमांजराचे ताट रिकामे, आणि आपलेही.