जेऊरची सावली

श्रीगोंद्याहून दौंड गाठायचं, तिथून सोलापूरची गाडी धरायची. भिगवण मागे पडलं की जेऊर येतं. नगरजवळचं नव्हे, करमाळा तालुक्यातलं. 22 जानेवारी 1898 रोजी भरदुपारी इथं सुमारे दोन मिनिटं सूर्य पूर्ण झाकला गेला. आदल्याच वर्षी पुण्यात प्लेगनं हाहाकार माजवलेला. तरीही या लहानशा स्टेशनावर दुर्बिणी उतरल्या. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आले आणि पुण्याहून आले कावसजी दादाभाई नायगामवाला.

1857 साली जन्मलेले कावसजी मूळचे पदार्थविज्ञानाचे अध्यापक. भावनगरच्या तख्तसिंगजी महाराजांनी देणगी दिली, सरकारनं भर घातली आणि 1888 साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात (आजचं सीओईपी) वेधशाळा उभी राहिली. तिथली 20 इंची दुर्बीण पुढे कित्येक वर्षं देशातली सर्वांत मोठी होती. कावसजी इंग्लंडला गेले होते तेव्हा ज्यांनी सल्ला दिला, त्यांत नॉर्मन लॉकियर हे खगोलशास्त्रातलं बडं प्रस्थ.

आणि कावसजींनी खोडून काढलं ते लॉकियर यांचंच म्हणणं! तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून पाहिला की एक ठळक हिरवी रेषा दिसते. तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे, ही रेषा त्यांतल्या मॅग्नेशियमची, असं लॉकियर सांगत. तसं असतं तर रेषेची एक कड पुसट दिसायला हवी होती. कावसजींनी मृगातला तेजोमेघ पुनःपुन्हा तपासला आणि 1891 साली लिहिलं: रेषा दर वेळी रेखीवच दिसते. ती ऑक्सिजनची, हे कळायला 1927 उजाडलं.

1912 साली कावसजी निवृत्त झाले, वेधशाळेला टाळं लागलं, दुर्बीण कोडाईकनालला गेली. वेधशाळा एका माणसाच्या जिवावर चालली होती, दुसरं काय!

लॉकियर यांनी 1868 साली विजयदुर्गावरून हेलियम शोधला, असं आपल्याकडे बिनदिक्कत सांगतात. तेव्हा ते इंग्लंडातच होते. विजयदुर्गावर आले ते 1898 च्या याच ग्रहणाला. चंद्राची सावली कोकणातून घाटावर चढली. आधी किल्ल्यावरच्या लॉकियर यांच्यावरून गेली आणि काही मिनिटांतच जेऊरला, वर्णपट टिपायला सज्ज असलेल्या कावसजींपर्यंत पोचली.