रेणापूरचा आमदार आणि जिल्हा परिषदेची पायरी

(लेखमाला : मतदारसंघांची ओळख – भाग ६)

मतदारसंघांच्या सीमा कशा आखल्या जातात, हे मागच्या भागात पाहिले. आमदार कसा घडतो, हे या भागात समजून घेऊ. त्यासाठी रेणापूरइतके बोलके उदाहरण मराठवाड्यात दुसरे नाही.

रेणा नदीकाठचे, रेणुकादेवीचे हे गाव आज लातूर जिल्ह्यात तालुक्याचे ठिकाण आहे. 2009 पूर्वी मात्र ‘रेणापूर’ नावाचा विधानसभा मतदारसंघ होता आणि त्यात शेजारच्या बीड जिल्ह्यातला परळीचा मोठा भाग येत होता. गोपीनाथ मुंडे याच मतदारसंघाचे आमदार.

12 डिसेंबर 1949 रोजी परळी तालुक्यातल्या नाथ्रा गावी, शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. अंबाजोगाईच्या महाविद्यालयात प्रमोद महाजनांशी मैत्री जुळली, विद्यार्थी परिषदेचे काम सुरू झाले. आणीबाणीत तुरुंगवास घडला. 1978 मध्ये ते बीड जिल्हा परिषदेवर निवडून आले आणि 1980 मध्ये रेणापूरमधून थेट विधानसभेत पोहोचले. भारतीय जनता पक्ष तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचा होता. राज्यभरात त्याचे 14 आमदार आले, त्यांतले एक मुंडे.

1985 मध्ये याच मतदारांनी त्यांना पाडले. मुंड्यांनी मतदारसंघ सोडला नाही. 1990 मध्ये रेणापूरने त्यांना पुन्हा निवडले आणि पुढच्या तिन्ही निवडणुकांत ही साथ टिकली. 1991 च्या डिसेंबरात ते विरोधी पक्षनेते झाले, 1995 ला युतीच्या सरकारात उपमुख्यमंत्री. गृहखाते त्यांच्याकडे असतानाच, 1999 मध्ये, संघटित गुन्हेगारीविरुद्धचा ‘मोक्का’ कायदा आला.

आता शेजारी पाहू. 1980 मध्येच लातूरमधून विलासराव देशमुख पहिल्यांदा आमदार झाले. पक्ष काँग्रेस, घराणे बाभळगावचे, पार्श्वभूमी वेगळी. तरी वाट तीच: आधी बाभळगावचे सरपंच, मग पंचायत समिती आणि तेव्हाची उस्मानाबाद जिल्हा परिषद, त्यानंतर विधानसभा. एक उपमुख्यमंत्री झाला, दुसरा मुख्यमंत्री. पक्षभेद असूनही दोघांची मैत्री महाराष्ट्राने पाहिली.

दोघांनाही जिल्हा परिषदेने काय दिले असेल? महाराष्ट्रात 1962 पासून जिल्हा परिषदा आहेत. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रे, नळयोजना, गावाकडचे रस्ते त्यांच्याकडे. शाळेची खोली मंजूर झाली तरी दोन वर्षे का रखडते, सेसचा निधी कुठे मुरतो, टंचाई आराखड्यात आपले गाव का येत नाही, हे सदस्याला सभागृहात आणि गावच्या पारावर, दोन्हीकडे विचारले जाते. तिथे उत्तर देत देत माणूस प्रशासन शिकतो. असा माणूस विधानसभेत उभा राहतो तेव्हा त्याचा प्रश्न नेमका असतो आणि सचिवाच्या टिपणीतली पळवाट त्याला ओळखता येते.

2008 च्या पुनर्रचनेत रेणापूर मतदारसंघाचे नाव पुसले गेले. बीडकडचा भाग परळी मतदारसंघ झाला, रेणापूर तालुका लातूर ग्रामीणमध्ये गेला. मुंडे 2009 मध्ये बीडमधून लोकसभेवर गेले. 2014 मध्ये केंद्रात ग्रामविकास खाते हाती आल्यावर काही दिवसांतच, 3 जूनला, दिल्लीतल्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. ज्या रेणापूरने मुंड्यांना आमदार केले, त्याचे आमदार 2019 मध्ये विलासरावांचे पुत्र धीरज देशमुख झाले आणि 2024 मध्ये भाजपचे रमेश कराड. सीमा बदलल्या, पक्ष बदलले. मतदार तेच आहेत.

चिंता आहे ती पायरीची. 2022 मध्ये मुदत संपल्यावर लातूर आणि बीडसह राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. निवडणूकच नसेल तर नाथ्र्यासारख्या गावातल्या तिशीच्या आतल्या कार्यकर्त्याने कारभार शिकायचा कुठे? मग उमेदवारी उरते ती पैशाला आणि आडनावाला. म्हणून विधानसभेच्या उमेदवाराची ओळख करून घेताना, त्याने याआधी कोणत्या सभागृहात कोणते काम केले, हा प्रश्न मतदाराने सर्वांत आधी विचारावा. आणि जिल्हा परिषदेची निवडणूक लांबली, तर त्याविरुद्ध आवाजही त्यानेच उठवावा.

(पुढच्या भागात : जिल्हा परिषदेची स्थायी समिती आणि तिचे अधिकार)