लेसर-शस्त्रकर्मानंतरचा बालमुखातील व्रण

जिभेखालचा बंध आखूड असल्यामुळे ज्या अर्भकास स्तनपान जमत नाही, त्याचा तो बंध आज अनेक दंतवैद्य लेसरने मोकळा करतात. केवळ बंध दिसला म्हणून मात्र छेद करावयाचा नसतो. स्तनपानाची पद्धत आधी तपासावी.

डायोड लेसरचे सुमारे ८१० ते ९८० नॅनोमीटर लांबीचे किरण रक्तातील हिमोग्लोबिन शोषून घेते. त्या उष्णतेने मृदू ऊती छेदली जाते व सूक्ष्म रक्तवाहिन्या तेथेच मिटतात. रक्तस्राव अल्प होतो. रक्तस्तंभनाच्या चार उपायांत सुश्रुतांनी दहन सांगितले आहे, त्याच्याशी याचे साम्य आहे. तथापि बालकास त्यांनी अग्निकर्म वर्ज्य मानले, हेही विसरू नये. उष्णता खोल गेल्यास निरोगी ऊती भाजते.

छेदानंतर एक-दोन दिवसांत तेथे पांढरट-पिवळसर थर येतो आणि पालक घाबरून आपल्याकडे येतात. हा पू नव्हे, मुखपाकही नव्हे. ते भरून येणाऱ्या व्रणाचे आवरण होय. ते खरवडू नये. त्यावर टाकणखाराची लाही मधात कालवून लावणे कटाक्षाने टाळावे. एक वर्षाखालील बालकास मधातून बोट्युलिझमचा धोका असतो. टंकण पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. औषधविक्रेत्यांनीही बालकाचे वय विचारल्यावाचून हे मिश्रण देऊ नये.

स्तनपान चालू ठेवावे. ज्वर, न थांबणारा रक्तस्राव किंवा दूध न घेणे आढळल्यास बालकास विनाविलंब शस्त्रकर्म करणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवावे.