हृदयाचा आलेख : लेखांक ७ – दीडशे ठोक्यांमागचे तीनशे

गेल्या लेखांकात सायनस टॅकिकार्डिया पाहिला. ईसीजीवर त्याच्याशी ज्याची गल्लत सर्रास होते, तो एट्रियल फ्लटर आज पाहू. पाठ्यपुस्तकात फ्लटर म्हटले की करवतीच्या दात्यांचे चित्र ठरलेले. विद्यार्थी ते पाठ करतो आणि प्रत्यक्ष आलेखात दाते दिसले नाहीत की फ्लटर नाही असे मानून मोकळा होतो. माझे म्हणणे असे, की दाते नंतर शोधावेत, आधी ठोके मोजावेत. ठोके नियमित, क्यूआरएस अरुंद आणि गती १५०च्या आसपास असेल, तर फ्लटर नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहे असेच धरून चालावे.

याचे कारण फ्लटरच्या यंत्रणेत आहे. नेहमीच्या प्रकारात उजव्या अलिंदात, ट्रायकस्पिड झडपेच्या कड्याभोवती, विजेची एकच लहर गोल फिरत राहते. एका फेरीला साधारण ०.२ सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला ३०० फेऱ्या. एव्ही नोड इतक्या लहरी खाली सोडत नाही. गती कमी करणारी औषधे चालू नसतील तर बहुधा दोनातली एक सोडतो आणि निलय १५०च्या गतीने धावतात. ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिमी सरकतो, त्यामुळे ०.२ सेकंद म्हणजे नेमका एक मोठा चौकोन. दर चौकोनाला एक अलिंद-लहर, दर दोन चौकोनांना एक क्यूआरएस. मात्र दोन लहरींपैकी एक क्यूआरएसमध्ये किंवा टी लहरीत बुडते आणि उरलेली साध्या पी लहरीसारखी दिसते. नोडने चारातली एकच लहर सोडली तर दाते उघडे पडतात, आणि पुस्तकात छापला जातो तो हाच आलेख. १९११ साली जॉली आणि रिची यांनी फ्लटरचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यातल्या रुग्णालाही संपूर्ण हार्ट ब्लॉक होता. क्यूआरएस विरळ असल्यामुळेच लहरी स्पष्ट दिसल्या.

म्हणून गती मोजल्यावर व्ही-१ लीड बघावी. तिथे दोन क्यूआरएसच्या बरोबर मध्यावर छोटा उंचवटा दिसला, तर संशय पक्का करावा. कागदाच्या चिठोऱ्यावर त्या उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंतच्या अंतराची खूण करावी, ते अंतर निम्मे करावे आणि तिथे क्यूआरएसच्या शेपटीत एखादा खाचखळगा लपला आहे का, ते तपासावे. मध्यावरच्या पी लहरीला जोडीदार असतोच असे समजून शोधायचे, हा बिक्सचा नियम. लीड २, ३ आणि एव्हीएफमध्ये सपाट आधाररेषा कुठेच सापडत नसेल, तर तोही पुरावाच.

यावर आक्षेप असा, की ताप, रक्तस्राव, जंतुसंसर्ग यांमुळे होणारा सायनस टॅकिकार्डिया कितीतरी अधिक आढळतो, मग आधी संशय फ्लटरचा का? आक्षेप रास्त आहे, पण दोघांची वागणूक वेगळी. सायनसची गती सलाइनने, ताप उतरल्याने, नुसत्या विश्रांतीनेही हलते. फ्लटरची गती मॉनिटरवर अर्धा तास पाहिली तरी १४८-१५०वर खिळलेली असू शकते. शिवाय पंचाहत्तरीच्या माणसाचा सायनस नोड पडल्या पडल्या १५० गाठेल, हे सहसा घडत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गती नेहमी १५० नसते. अलिंद फुगलेले असेल किंवा अमिओडॅरोन, फ्लेकेनाइडसारखी औषधे चालू असतील तर फेरी मंदावते, लहरी २०० ते २२०वर येतात आणि निलय १००-११०वर. तेव्हा १५० या आकड्याला चिकटून राहता येत नाही. लपलेली दुसरी लहर शोधण्याची रीत मात्र तीच राहते. (मंदावलेल्या लहरी नोडमधून एकास एक खाली उतरून निलय २००च्या वर जाण्याचा धोका असतो, म्हणून एकट्या फ्लेकेनाइडवर न थांबता नोडला आवर घालणारे औषध जोडीला देतात.)

तरीही उलगडा झाला नाही, तर तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, डिफिब्रिलेटर जवळ ठेवून आणि दम्यासारखी अडचण नाही याची खात्री करून अॅडिनोसिन देतात. ते नोडला काही सेकंद अडवते, क्यूआरएस थांबतात आणि दाते मोकळे दिसतात. फ्लटर सहसा त्याने थांबत नाही. गती पुन्हा १५०वर गेली की ‘औषध लागू पडले नाही’ असा शेरा लिहिला जातो, आणि कागद चालू ठेवलेला नसेल तर त्या काही सेकंदांत समोर आलेले निदान हातचे जाते. नुकसान लहान नाही. फ्लटरमध्ये अलिंदात गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो, त्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा निर्णय फिब्रिलेशनप्रमाणेच घ्यावा लागतो. सायनस टॅकिकार्डियाच्या शेऱ्यावर घरी गेलेल्या रुग्णाबाबत तो घेतलाच जात नाही. लहरीच्या वाटेतली अरुंद पट्टी कॅथेटरने जाळण्याच्या उपायाला नव्वद टक्क्यांहून अधिक यश येते, पण त्या उपायापर्यंतही असा रुग्ण पोहोचत नाही.