घोरपड मोठी, शेवाळ लहान. संकट मात्र एकच

पावसाळ्यात दगडी बांधावर हिरवे मखमली शेवाळ चढते. त्यातील मऊ, बारीक पानांच्या प्रकाराला शास्त्रज्ञ मॉस म्हणतात. शिवारात कधी घोरपडही दिसते. या दोघांचे दूरदेशीचे दोन नातेवाईक आज संकटात आहेत. त्यांची हकीकत शेतकरी बंधुभगिनींनी जाणून घेण्यासारखी आहे.

पहिली, इंडोनेशियातील कोमोडो घोरपड. लांबी १० फुटांपर्यंत; हरीण आणि रानडुक्करही मारते. कोमोडो, रिंका, फ्लोरेस व जवळच्या काही लहान बेटांखेरीज ती रानात कोठेच नाही. फ्लोरेसचे बहुसंख्य रहिवासी आपल्यासारखेच कॅथलिक आहेत. तिच्या रक्षणासाठी १९८० साली राष्ट्रीय उद्यान झाले. तरीही २०२१ साली तिची गणना अधिक धोक्यातील प्राण्यांत करावी लागली. हवा तापत आहे, समुद्र चढत आहे. पुढील ४५ वर्षांत तिची राहण्याजोगी जागा निदान ३० टक्क्यांनी घटेल, असा अंदाज आहे.

दुसरे, टाकाकिया नावाचे मॉस. उंची जेमतेम बोटाच्या पेराएवढी. पण वंश सुमारे ३९ कोटी वर्षांचा, हिमालयाहूनही जुना! तिबेटात ४,००० मीटरांवर, वर्षातले आठ महिने बर्फाखाली राहून ते टिकले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र ते दरवर्षी सुमारे १.६ टक्क्यांनी घटत असल्याचे आढळले.

घोरपडीची जमीन समुद्र गिळतो. मॉसला उष्मा वर वर रेटतो, आणि शिखरापुढे जागाच नाही. दोघांनाही पळायला वाट नाही. फरक इतकाच, की घोरपड पाहण्यास जगभरचे प्रवासी जातात. मॉसची चौकशी कोण करतो?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या पत्रात नेमके हेच सांगितले: ठळक दिसणारे प्राणी नष्ट झाले की आपण हळहळतो, पण सृष्टीचा गाडा बुरशी, गांडुळे, कीटक अशा क्षुद्र जिवांवरही चालतो.

मग आपण काय करावे? विहिरीच्या पायऱ्यांवरचे शेवाळ जरूर खरवडावे. पाय घसरला तर हाड मोडते. बांधावरचे मॉस मात्र राहू द्यावे. ते पावसाचे पाणी शोषते, माती धरून ठेवते. घोरपड दिसली तर मारू नये. १९७२ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. देवाने आदामाला बाग दिली ती मशागत करून राखण्यासाठी. राखणदाराने लहानमोठे पाहू नये.